चौथ्या भागातलं प्रेत

दर सहा आठवड्यांनी, रविवारी,
रात्री आठ वाजून बारा मिनिटांनी
माझा नवरा मरतो.
टोमॅटोच्या काचघरात, उताणा, हातात झारी,
अंगात जमीनदाराचा कोट,
जो काखेत काचत होता.

पुस्तकात हा खून तळ्यात होतो.
पण फेब्रुवारीतलं आमचं नॉरफोकचं तळं बघून
विमेवाले नको म्हणाले,
म्हणून मरण कोरड्यात आणलं.
पुस्तकात खुनी पाद्री आहे.
टीव्हीवर त्याची बहीण झाली,
कारण पाद्री झालेला नट
पुढच्या भागांत हवा होता.
वाचनालयातल्या विनिफ्रेडने तेव्हापासून
त्या कंपनीचं नावच टाकलंय.

बाकी सगळं पुस्तकातल्यासारखं.
पियानो जुळवणारे मिस्टर क्विल्टर येतात,
खिशात नादकाटा.
कुणी खोटं बोललं की टेबलावर टण्णकन आपटतात
आणि हसून म्हणतात,
'अर्धा सूर उतरलंय हे, मॅडम.'
(त्या नटाला सुरातलं ओ की ठो कळत नव्हतं.
चहात चार चमचे साखर. माझ्याच स्वयंपाकघरात.)

ऑब्री साखर कारखान्यात काट्यावर होता,
बिटाच्या गाड्या तोलायचा.
त्यांना अशाच मिशांचं प्रेत हवं होतं.
चाळीस पौंड आणि दुपारचं जेवण.
आठवडाभर तो फरशीवर मरायचा सराव करत होता,
मी बटाट्याचं पातेलं घेऊन त्याला ओलांडत होते.
चाळीस सेकंद श्वास धरायचा. बेचाळीस, फार तर.

शॉट बावन्न सेकंदांचा झाला.
क्विल्टर वाक्य विसरले, शिंकले,
मग शिंकही भूमिकेत घेतली.
आणि त्रेचाळिसाव्या सेकंदाला
प्रेताची छाती वर आली.
एकदाच. कोटाचं तिसरं बटण हललं.

दिग्दर्शकाला दिसलं नाही. गावाला दिसलं.
खाटीक दुकानातून ओरडायचा,
'काय ऑब्री, आज कसा आहेस, मेलेला की बरा?'
हा हसायचा, घरी येऊन चिडायचा.
कंपनीला पत्र लिहिलं त्याने, सुवाच्य अक्षरात:
पुन्हा मरायला तयार आहे, पैसे नकोत.
उत्तरादाखल क्विल्टरांचा सही केलेला फोटो आला.
तो अजून संडासात टांगलेला आहे.

गेल्या नोव्हेंबरात, ऐन बिटाच्या हंगामात,
तो खरंच गेला. खुर्चीत, बूट काढता काढता.
एक बूट पायातच होता.
संशयित कुणी नव्हतं. डॉक्टरीणबाई यायच्या होत्या.
मी समोर बसून बघत होते.
चाळीस. बेचाळीस.
बावन्न झाले.
त्रेपन्न.
पुढेही बराच वेळ मोजत राहिले.

परवा विनिफ्रेड पेपर घेऊन आली, तोंड पाडून.
मालिका म्हणे आता नव्याने, धुऊनपुसून दाखवणार,
जुन्या चुका काढून.
मी म्हटलं, काढू देत. माझं काय जातंय.
रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

आज टोमॅटो लालभडक निघाले, अगदी विकाऊ.
माइकची सावली गेली.
खिडकीतून दिसायची ती दुधाची गाडीही गेली.
पाद्र्याच्या बहिणीच्या गालावरची तीट
इतकी स्पष्ट की पुसावीशी वाटते.
झारी चकचकीत. मिशा चकचकीत.
क्विल्टर शिंकले.
चहा माझ्या हातात गार होत होता.
एकेचाळीस.
बेचाळीस.

बटण हललं.

मग मी उठले, किटली ठेवली.
पुढचं बघायला थांबले नाही.
खुनी कोण ते मला माहीत आहे,
आणि विनिफ्रेड म्हणते, तेही चुकलंय.